ऑनलाइन जीवशास्त्राचा क्लास काढायचाय? आधी कोणाची वही तपासणार ते ठरवा



घरबसल्या सेवा व्यवसाय या विषयावरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतोय. "सर, माझं बीएस्सी झालंय, जीवशास्त्र चांगलं येतं, ऑनलाइन ट्यूशन सुरू करायची आहे. कोणतं ॲप घेऊ?"

व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर उरकलं. पण हा विषय दोन मिनिटांचा नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. रुपयांचा हिशेब देतो, तासांचा हिशेब देतो, नियमही सांगतो. सुरुवात मात्र माझ्या चुकीपासून करतो, कारण त्या चुकीचे 38,200 रुपये माझ्या खिशातून गेले नाहीत. दुसऱ्या कुणीतरी भरले.

माझा सल्ला, त्यांचे पैसे

तुम्हाला माहीतच आहे, अंबरनाथला माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. बीबीए झाल्यावर दुकान टाकलं, ट्रेनिंग नंतर सुरू झालं. माझ्या एका मित्राची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बदलापूरला राहतात. एमएस्सी झूलॉजी. लग्नाआधी एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायच्या. मूल झाल्यावर सकाळची लोकल, संध्याकाळची गर्दी आणि तासावर मिळणारे पैसे यांचा मेळ बसेना, म्हणून काम सोडलं. नाव लिहू नका असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून इथे नुसतं वहिनी.

त्या मला म्हणाल्या, "भावोजी, घरून शिकवायचं म्हणतेय, कसं करू?" मी तेव्हा नवनवीन कोर्स बघून आलेलो. छाती पुढे काढून सांगितलं, "वहिनी, एकदाच रेकॉर्ड करा आणि आयुष्यभर विका." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय?

त्यांनी ऐकलं. खर्च असा झाला:

- रिंग लाइट आणि फोनचा स्टँड: 2,400 रुपये
- कॉलर माइक: 1,800 रुपये
- स्वतःच्या नावाच्या ॲपचं वर्षाचं भाडं: 15,000 रुपये
- 20 व्हिडिओंचं एडिटिंग, प्रत्येकी 500 प्रमाणे: 10,000 रुपये
- मोबाइलवरच्या जाहिराती: 9,000 रुपये

एकूण 38,200. कोर्सची किंमत ठेवली 1,499. चार महिन्यांत तीन कोर्स विकले गेले, त्यातला एक त्यांच्या मावशीच्या मुलाने घेतला. हातात आले 4,497 रुपये. बाकीचे पैसे बाळाच्या नावाने बाजूला ठेवलेल्यांतले होते, हे मला फार नंतर कळलं.

वहिनी भांडल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या, "तुमच्या व्हिडिओत हे सगळं फार सोपं वाटतं हो भावोजी." त्यानंतर दोन महिने मित्राकडे गेलो तरी त्या बाहेरच्या खोलीत आल्या नाहीत.

हृदय कुठल्या बाजूला?

गाडी रुळावर आली ती माझ्यामुळे नाही. कोर्स घेणाऱ्या तिघांपैकी एक मुलगी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर 4 मधली, बारावी सायन्सची. तिने एका रात्री वहिनींना आकृतीचा फोटो पाठवला. मानवी हृदयाची आकृती, त्यावर लाल पेनाची मोठी काट. खाली लिहिलं होतं, "मॅम, तुमचा व्हिडिओ तीन वेळा बघितला, तरी चुकलं."

वहिनींनी फोटो मोठा करून बघितला. आकृती सुंदर होती. पण कागदाच्या उजव्या बाजूला तिने "राइट" लिहिलं होतं आणि डाव्या बाजूला "लेफ्ट". पुस्तकातलं हृदय हे आपल्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं असतं. त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. एवढी एक गोष्ट उलटी झाली की पुढचं सगळं उलटं होतं. ज्या निलयाची भिंत सगळ्यात जाड असते, कारण त्याला अख्ख्या शरीराला रक्त ढकलायचं असतं, ते डावं निलय तिच्या आकृतीत उजवं झालं होतं. महाधमनी त्याच चुकीच्या नावाच्या कप्प्यातून निघत होती. मुलगी पाठांतरात कच्ची नव्हती. चूक एकच होती, तिने अर्धा डझन लेबलं खाल्ली होती.

वहिनींनी लगेच व्हिडिओ कॉल लावला. "छातीवर डावीकडे हात ठेव," म्हणाल्या आणि स्वतःही ठेवला. मुलगी आणखी गोंधळली. "मॅम, तुमचा हात स्क्रीनवर दुसऱ्या बाजूला दिसतोय!" कारण अशा कॉलवर आपली स्वतःची छबी बहुतेक वेळा आरशासारखी दिसते आणि समोरच्याची सरळ. गंमत म्हणजे मॅडम पुस्तकातल्या माणसासारख्या दिसत होत्या आणि मुलगी आरशातल्या माणसासारखी. वहिनींनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एकीवर "उ", दुसरीवर "डा", आणि सेफ्टी पिनने स्वतःच्या दोन खांद्यांवर लावल्या. "आता मला बघून काढ." दहा मिनिटांत आकृती बरोबर.

मागे मुलीची आई उभी होती. सिंधी कुटुंब, घरात सिंधी, बाहेर हिंदी. त्यांनी विचारलं, "मॅडम, ऐसे रोज़ कॉपी चेक करोगे क्या? महीने का कितना लोगे?"

त्या आईने 1,499 रुपयांचे 20 व्हिडिओ आधीच घेतले होते. आता पैसे द्यायला ती स्वतःहून तयार झाली ती कशासाठी? वही बघण्यासाठी. आजच्या लेखातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या. आपल्या पोराची नेमकी चूक कोणीतरी डोळ्यांनी बघतंय, यासाठी पालक पैसे देतात.

फुकट काय मिळतं, ते आधी मोजा

धंद्याचा साधा नियम आहे. शेजारच्या दुकानात जे फुकट वाटलं जातंय ते विकायला बसू नका.

पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत. एनसीईआरटीची पुस्तकंही फुकट. 2017 मध्ये आलेल्या दीक्षा ॲपवर व्हिडिओ आहेत आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ते उघडतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, त्या कामाची दखल जगाने घेतली आणि 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. 10 लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. यूट्यूबवर तर एकाच धड्यावर शंभर जण शिकवताहेत, त्यात काही जण खरोखर उत्तम आहेत.

आणि मोठा पैसा ओतूनही हे गणित जमतंच असं नाही. 2022 मध्ये 22 अब्ज डॉलर मूल्यांकन झालेली बायजूज ही कंपनी जुलै 2024 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यामागे बरीच कारणं होती, तो विषय वेगळा. आपल्यासाठी मुद्दा इतकाच की रेकॉर्डेड व्हिडिओच्या मैदानात तुम्ही 38,000 रुपये घेऊन उतरू नका. मी एकीला उतरवलंय, परिणाम वर वाचलात.

मग आपल्याकडे असं काय आहे जे त्यांच्याकडे नाही? तीन गोष्टी. आपण वही बघू शकतो, मुलाच्या भाषेत बोलू शकतो आणि आपण याच लाइनवर राहतो.

गिऱ्हाईक कोण? तीन शहरं, तीन गरजा

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर. लोकलने एकामागे एक येणारी स्टेशनं. पण गिऱ्हाईक वेगवेगळं आहे.

नववी-दहावीची मराठी माध्यमाची मुलं. दहावीला विज्ञान भाग 2 चा लेखी पेपर 40 गुणांचा. आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचं वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र, पेशीविज्ञान हे सगळं त्यातच. इथे पालकांना गुण हवे असतात आणि मुलांना पाठांतरातून सुटका.

अकरावीत अडकलेली मुलं. माझ्या मते सगळ्यात मोठी गरज इथे आहे आणि सगळ्यात कमी लोक ती भागवतात. दहावीपर्यंत मूल "तंतुकणिका", "हरितलवक", "अर्धगुणसूत्री विभाजन" असं शिकतं. दोन महिन्यांनी अकरावी सायन्सच्या वर्गात मायटोकाँड्रिया, क्लोरोप्लास्ट आणि मायोसिस ऐकतं. वस्तू तीच, नाव नवं. मुलाला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. माझ्या काउंटरवर अकरावीची मुलं बायोलॉजीच्या तयार नोट्सची झेरॉक्स घेऊन जातात, तेव्हा मी कधी कधी विचारतो, "वाचता का रे?" हसतात. वहिनींनी या बॅचसाठी काही भारी केलं नाही. शंभर पानी वही, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी शब्द, मधे छोटं चित्र. रोज पाच शब्द. वही मुलांनी स्वतः भरायची.

बारावीची मुलं, उल्हासनगरकडची जास्त. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथल्या लष्करी छावण्यांत राहिली, 1949 मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि पत्त्यात "कॅम्प नंबर" आजही आहेच. या घरांतली बरीच मुलं इंग्रजी माध्यमातली असतात, पण शंका हिंदीत विचारतात. वहिनी या बॅचला हिंदी-इंग्रजी मिसळून शिकवतात. शुद्ध भाषेचा आग्रह धरला असता तर ही बॅच मिळाली नसती.

आता कोणी म्हणेल, एवढं जवळ आहे तर ऑनलाइन कशाला? कारण अकरावीत अडकलेली, जीवशास्त्रच हवं असलेली सात मुलं एका सोसायटीत मिळत नाहीत. तीन शहरांत मिळतात. त्यात रिक्षाचं भाडं, पावसाळा आणि रात्री साडेआठला मुलगी एकटी घरी येणार ही आईची काळजी. हे सगळं ऑनलाइनमध्ये वाचतं.

40 मिनिटांचा तास कसा चालतो

झूमचं फुकट खातं गटाच्या मीटिंगला 40 मिनिटं देतं, गूगल मीटचं 60 मिनिटं. वहिनींनी 40 मिनिटंच ठरवली. म्हणाल्या, त्याच्यापुढे मुलं तशीही ऐकत नाहीत. एका बॅचला आठवड्यात तीन तास. रचना अशी:

- पहिली 5 मिनिटं: कालच्या वहीतल्या दोन चुका सगळ्यांसमोर, नाव न घेता.
- पुढची 15 मिनिटं: नवा भाग. स्लाइड नाही. फोन उलटा स्टँडवर, खाली कोरा कागद, आणि वहिनी हाताने आकृती काढतात. मुलं सोबत काढतात. छापील आकृती दाखवली की मुलं बघतात. हाताने काढली तर मुलंही काढतात.
- पुढची 15 मिनिटं: प्रत्येक मुलाला एक प्रश्न. सात मुलं, म्हणजे प्रत्येकाला साधारण दोन मिनिटं. म्हणूनच बॅच सातचीच.
- शेवटची 5 मिनिटं: वहीत काय काढायचं ते सांगणं.

वहीचा फोटो रात्री नऊच्या आत. फोटोसोबत तीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज, "मी हे काय काढलंय" हे स्वतःच्या शब्दांत. ही कल्पना मला सगळ्यात आवडली. मित्राचं बघून आकृती काढता येते, पण बोलताना मूल सापडतंच.

स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा

"ऑनलाइनमध्ये प्रॅक्टिकल कसं करणार?" हा पालकांचा हमखास प्रश्न. वहिनींचं उत्तर तयार असतं.

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तेच परासरण. बेदाणे रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, टम्म फुगतात. तेच उचलून साखरेच्या दाट पाकात टाका, पुन्हा सुरकुततात. हे एकदा घरी करून बघितलेलं मूल पाणी कुठून कुठे जातं ते आयुष्यात विसरत नाही.

गणपतीला आणलेलं जास्वंदीचं फूल उभं कापा. मधली नळी पुंकेसरांची, तिच्या आतून वर आलेला दांडा स्त्रीकेसराचा, टोकाला पाच ठिपके. विरजणाचं दही म्हणजे लॅक्टोबॅसिलायचं काम. बदलापूर जांभळासाठी प्रसिद्ध, तर त्या जांभळाचं पान आणि गवताचं पान शेजारी ठेवा. एकात शिरांचं जाळं, दुसऱ्यात समांतर रेषा.

मुलांचा सगळ्यात लाडका प्रयोग केळ्यातला डीएनए. केळं कुस्करायचं, पाण्यात चिमूटभर मीठ आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब घालून हळू ढवळायचं, गाळायचं. गाळलेल्या पाण्यावर ग्लासच्या कडेने फ्रीजमध्ये थंड केलेलं सर्जिकल स्पिरिट सोडायचं. साबणाने पेशींची पटलं फुटतात, डीएनए स्पिरिटमध्ये विरघळत नाही, म्हणून पांढरे धागे वर येतात. एक नियम मात्र कडक आहे: स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे गॅसच्या ओट्यापासून लांब आणि घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच. हा प्रयोग त्या रविवारी सकाळी ठेवतात, पालक घरी असतात म्हणून.

आणि एक धडा आपल्या लाइनवरच्या मुलांना कोणतंच मोठं ॲप शिकवणार नाही. वालधुनी. अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी ही नदी पुढे उल्हासनगरातून जाते, आणि तिथे आपण सगळेच नाकाला रुमाल लावतो. बारावीच्या पुस्तकात बीओडी येतो. पाण्यात सांडपाणी गेलं की ते कुजवणारे जिवाणू वाढतात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, माशांना उरत नाही. वहिनींनी व्याख्या सांगितलीच नाही. विचारलं, "वालधुनीत मासा शेवटचा कोणी बघितला?" सात जणांत एकानेही हात वर केला नाही. मग व्याख्या मुलांनीच तयार केली.

आता हिशेब

सध्या तीन बॅच, प्रत्येकी सात, एकूण 21 मुलं. महिन्याची फी 900 रुपये.

- महिन्याची जमा: 21 × 900 = 18,900
- इंटरनेट: 700
- वर्कशीटची झेरॉक्स: 1,050 (माझ्याच दुकानात, पण पूर्ण दराने, वहिनी सवलत घेत नाहीत)
- प्रयोगाचं आणि इतर किरकोळ सामान: 400
- हातात: 16,750

आता तास मोजा, कारण बहुतेक जण इथेच फसतात.

- शिकवणं: 3 बॅच × 3 तासिका × 40 मिनिटं = आठवड्याला 6 तास
- वह्या: 21 मुलं × 2 वेळा × 4 मिनिटं = 2 तास 48 मिनिटं
- तयारी: 3 तास
- पालकांचे फोन: 1 तास

आठवड्याला जवळपास 13 तास, महिन्याला 55. म्हणजे तासाला साधारण 300 रुपये. मे महिना आणि परीक्षेचा काळ धरून वर्षाचे दहाच महिने मोजा: 1,67,500 रुपये. गाडी-बंगला येणार नाही. पण दुपारी बाळ झोपल्यावर वह्या आणि संध्याकाळी दोन तास क्लास करून, लोकलचा धक्का न खाता हे पैसे येतात. पहिल्या 38,200 चा खड्डा भरायला त्यांना अख्खं पहिलं वर्ष लागलं, कारण तेव्हा एकच बॅच होती.

फी पाच तारखेच्या आत, आगाऊ, यूपीआयने. ओळखीत उधारी चालू केली की संपलं. पावसात बदलापूरला लाइट जाते, म्हणून फोन पूर्ण चार्ज आणि दुसऱ्या कंपनीचं सिम तयार. तरी तासिका बुडालीच तर रविवारी भरून द्यायची, हे पहिल्याच दिवशी पालकांना लिहून दिलेलं आहे.

नियम, थोडक्यात पण नीट वाचा

- शाळेत नोकरीला असाल तर थांबा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 मध्ये शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई आहे.
- सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. आपण अजून लांब आहोत. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.
- केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या 50 पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत. खोटी हमी देऊ नये, मुलाने मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत करावी, असं त्यात आहे. आपल्याकडे 21 मुलं असली तरी ही चांगली सवय आहे, आजच लावून घ्या.
- पाठ्यपुस्तकाची पानं स्कॅन करून "आमच्या नोट्स" म्हणून विकू नका. पीडीएफ फुकट मिळते म्हणजे ती आपली झाली असं नाही. झेरॉक्सवाला सांगतोय, ऐका.
- मुलं 18 वर्षांखालची आहेत. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. वहिनींच्या प्रत्येक ग्रुपमध्ये पालक आहेत, मुलाशी एकट्याने कॉल पालकांना कळवल्याशिवाय होत नाही आणि मुलांचे फोटो स्टेटसला जात नाहीत.

"डॉक्टर होईल ना?"

गेल्या जूनमधली गोष्ट. तीन पालक एकत्र चौकशीला आले. नीटमध्ये 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे, सीईटीच्या पीसीबी ग्रुपमध्ये 200 पैकी 100, हे त्यांना पाठ होतं. प्रश्न एकच, "मुलगा डॉक्टर होईल ना?"

मी शेजारी बसलो होतो. माझ्यातला विक्रेता जागा झाला. "तयारी तशीच करून घेतो" असं काहीतरी गोलमोल बोलावं, असं मी डोळ्यांनी खुणावत होतो. वहिनी सरळ म्हणाल्या, "मी पाया पक्का करते. नीटचा सराव माझ्याकडे होत नाही, त्यासाठी वेगळा क्लास लावावा लागेल. हमी मी देणार नाही."

तिघंही गेले. तीन मुलं, 900 रुपये, दहा महिने, म्हणजे 27,000 रुपये उठून निघून गेले. मी खाली उतरताना तसं म्हणालोही. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, मागच्या वेळी तुमच्या गोड बोलण्यावर मी पैसे लावले होते. तसं मी दुसऱ्या आईचं करू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. "एकदा रेकॉर्ड करा, आयुष्यभर विका" हा माझा जुना व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही. त्याच्याखाली हा सगळा हिशेब पिन करून ठेवलाय. मला ट्रेनर म्हणून ऐकणाऱ्याने तोही वाचावा.

तुमचं या आठवड्याचं काम

ॲप घेऊ नका. रिंग लाइट घेऊ नका. एवढंच करा:

1. ओळखीतली तीन मुलं शोधा. इयत्ता एकच हवी.
2. सात दिवस रोज एका आकृतीचा फोटो मागवा आणि तपासून परत पाठवा. फुकट.
3. प्रत्येक वहीला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून लिहा.
4. आठव्या दिवशी थांबा. पालकांना फोन करू नका. कोणी स्वतःहून "पुढे चालू ठेवाल का?" विचारतंय का बघा.

तिघांपैकी एकाने जरी विचारलं, तर तुमच्याकडे विकण्यासारखं काहीतरी आहे. कोणीच नाही विचारलं, तर तुमचे सात दिवस गेले, 38,200 रुपये वाचले.

ती कॅम्प 4 ची मुलगी बारावी झाली. परीक्षेआधी प्रॅक्टिकलचं जर्नल बाइंडिंगला माझ्याच दुकानात घेऊन आली होती. मी मुद्दाम हृदयाचं पान उघडलं. डावं निलय बरोबर जागी, भिंत जाड, आणि कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात दोन खुणा: "उ" आणि "डा". मराठी तिला वाचता येत नाही, तेवढी दोन अक्षरं येतात.

तुमच्या सात दिवसांत काय झालं ते कमेंटमध्ये लिहा. मिनिटांच्या आकड्यांसकट लिहा, म्हणजे पुढच्या व्हिडिओत फी कशी ठरवायची ते तुमच्याच आकड्यांवरून मांडतो. भेटूया!